आखितीच्या चारशे खुर्च्या

१ जानेवारी, बुधवार

ही डायरी मला बिदरच्या कर सल्लागार साहेबांनी निरोपाची भेट म्हणून दिली. आठ वर्षं त्यांच्या ऑफिसात बसून लोकांचे नफे-तोटे टाइप केले, त्याची ही एवढी कमाई. सोबत पेनही दिलं होतं. ते बसस्टँडपर्यंत चाललं.

आजपासून औरादच्या आमच्या मंडप आणि भांडी भाड्याच्या दुकानाचा मी मालक. मालक म्हणजे तात्पुरता. माझे वडील गुरुशांतप्पा, म्हणजे आमचे अप्पा, यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर धरला आणि पुन्हा कमरेला खोचला.

"बसव जयंतीपर्यंत चालवून दाखव," म्हणाले. "जमलं तर तुझं. न्हाई जमलं तर हुमनाबादचा शिवशंकरप्पा समदं सामान उचलायला तयार हाय. मला म्हातारपणी तमाशा नको."

मला हे दुकान हवंय. हे इथे लिहायला हरकत नाही. लहानपणी रिकाम्या मंडपात मी एकटा पळायचो. पस्तिशीला आलो तरी दुसऱ्या कुठल्या जागी मला तितकं मोकळं वाटलेलं नाही.

अप्पांनी चाळीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही. सगळं डोक्यात. तिथून निम्मं उधारीत गेलं असणार. आता बी. कॉम. झालेला माणूस आलाय.

६ जानेवारी, सोमवार

आज पाया घातला. पहिला नियम: घर वेगळं, दुकान वेगळं. हा हिशोबाचा मूळ मंत्र आहे, आणि आपल्याकडचे निम्मे धंदे तो न पाळल्यामुळे बसतात. दुकानासाठी लाल कापडी बांधणीची वही आणली. घरासाठी एक शाळेची वही बायकोला दिली. शैलश्रीचं माहेर कलबुर्गीचं, ती कानडीत झरझर लिहिते, मराठी वाचायला तिला वेळ लागतो. तिला बजावलं की लाल वहीला हात लावायचा नाही.

ती म्हणाली, "दुकानात आलेल्या माणसांला घरातनं च्या येतो. तो कोणत्या वहीत?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. रात्र झाली, अजून विचार चालू आहे.

दुसरी गोष्ट. परत आलेली भांडी घासायला आणि मोजायला सरुबाई यायची. ती आता लेकीकडे राहायला गेली. तिच्या जागी दुसरी बाई ठेवली नाही, ते काम शैलश्रीला सांगितलं. महिन्याचे आठ हजार वाचले. लाल वहीत 'खर्चात बचत' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

२६ जानेवारी, रविवार

शाळेला दोनशे खुर्च्या दिल्या. परत आल्या एकशे अठ्ठ्याण्णव. शैलश्री मोजून गप्प बसली नाही, शाळेत गेली आणि हेडमास्तरांच्या खोलीतून दोन्ही उचलून आणल्या. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मालकिणीनं असं जायचं का?

जेवताना अप्पा म्हणाले, "बसव जयंतीच्या दासोहाचं लिहून ठेव."

दासोह म्हणजे त्या दिवशी बसव मंडपात, आमच्या लिंगायत समाजाच्या सभागृहात, सगळ्या गावाला जेवण. त्याला आमच्या चारशेच्या चारशे खुर्च्या फुकट जातात, अप्पांनी दुकान काढल्या वर्षापासून. मी शांतपणे समजावलं की ज्यात पैसा येत नाही, त्याची दुकानाच्या वहीत नोंद होत नाही. दानधर्म ही घरची बाब. शैलश्रीनं घरच्या वहीत कानडीत लिहून टाकलं. अप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटतं, त्यांना पटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा दिवस! ठाणाकुशनूरचे अंकुशराव आले होते. त्यांच्या विजयश्रीचं लग्न आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आहे. सोयरे लातूरचे, त्यामुळे सगळं झोकात पाहिजे. मोठा मंडप आणि चारशे खुर्च्या. चाळीस हजार ॲडव्हान्स रोख मोजून दिले.

इथले लोक अजून तिथीनं बोलतात. मी मात्र भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरात बोट ठेवून तारीख काढली आणि लाल वहीत लिहिली: ३० एप्रिल, अंकुशराव, चारशे खुर्च्या. अप्पा बाजेवरून ओरडले, "कवाचं हाय?" मी म्हणालो, "तीस एप्रिल." ते म्हणाले, "इंग्रजी तारीख मला सांगू नको. अमावस्येच्या आदी का मागं?" मी म्हणालो, अप्पा, आता जमाना बदलला.

पेटीत चाळीस हजार एकदम पडले की आवाज येत नाही, पण मला आला.

३ मार्च, सोमवार

हैदराबादला जाऊन आलो. सिंहासन घेतलं! लाल मखमल, सोनेरी पाठ, दोन्ही हातांना सिंहाची तोंडं. नवरदेव-नवरीला बसायला. पासष्ट हजार. औरादमध्ये कुणाकडे नाही, भालकीत नाही, उदगीरला एकाकडे आहे पण त्याच्या सिंहाचा एक कान तुटलाय.

अप्पा काठी टेकत गोदामात आले. सिंहासनाभोवती एक चक्कर मारली.

"नाटक कंपनी काढायलास का काय?"

मी म्हणालो, ही गुंतवणूक आहे.

"बसून बघ," ते म्हणाले. मी बसलो. "आता उतर," म्हणाले आणि गेले.

अजून एकाही लग्नाला ते ठरलेलं नाही. अंकुशरावांच्या सोयऱ्यांनी स्टेजची सजावट लातूरहून ठरवली आहे. चालायचंच, नवी वस्तू लोकांच्या नजरेत बसायला वेळ लागतो.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला, आज वर्षाचा हिशोब बंद केला. तीन महिन्यांचा नफा: एक लाख बारा हजार. पुन्हा बेरीज केली. तेवढाच. पाव किलो पेढे आणले.

शैलश्रीनं पेढा हातात धरून विचारलं, "ह्याच्यात पुढल्या लग्नांचे ॲडव्हान्स बी धरलेत का?"

"पैसे आलेत ना?"

"लग्नं तर व्हायची हायेत अजून. उद्या एखादं मोडलं तर परत द्यावे लागतील की न्हाई?"

आता खरं सांगायचं तर हे मला माहीत नाही असं नाही. ॲडव्हान्स म्हणजे देणं, काम होईपर्यंत ते पैसे लोकांचे, हे मी साहेबांच्या ऑफिसात आठ वर्षं लोकांच्या ताळेबंदात टाइप केलंय. पण दुसऱ्याच्या ताळेबंदात ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं आपल्या पेटीत दिसत नाही. ते सत्तर हजार काढले तर नफा बेचाळीस हजारांवर येतो, आणि बेचाळीस हजारांना कुणी पेढे वाटत नाही.

एकच गोष्ट समजली नाही. नफा एक लाख बारा हजार, आणि पेटीत नऊ हजार. पासष्ट सिंहासनात गेले, बरोबर. उरलेले घरखर्चाला गेले असावेत, पण ते वहीत नाहीत, कारण घर वेगळं आणि दुकान वेगळं.

१८ एप्रिल, शुक्रवार

मोठा घोळ झालाय.

दुपारी जेवताना अप्पांनी विचारलं, "बसव जयंती जवळ आली. खुर्च्या न्यायला ट्रॅक्टर कुणाचा सांगितलास?"

शैलश्रीनं घरची वही उघडली. "चारशे खुर्च्या, सकाळी सातला," तिनं वाचलं.

मी म्हणालो, "किती तारखेला आहे यंदा?" आणि हात धुऊन कॅलेंडरापाशी गेलो. तीस एप्रिलच्या चौकोनात खाली बारीक अक्षरात दोन ओळी छापल्या आहेत. वर अक्षय्य तृतीया. खाली बसवेश्वर जयंती. फेब्रुवारीत याच चौकोनावर मी बोट ठेवलं होतं. माझं बोट जाड आहे.

आणि हे काही गुपित नाही. दरवर्षी एकाच दिवशी असतात. औरादमधल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे, जन्मापासून! घरात आम्ही त्या दिवसाला बसव जयंती म्हणतो, गिऱ्हाईक आखिती म्हणतं. मी एक या वहीत ठेवलं आणि एक त्या वहीत, आणि दोघांमध्ये स्वतः उभा राहिलो. खुर्च्या कुठल्या वहीतल्या, हे मला सुचलंच नाही. खुर्च्या तर दुकानाच्या आहेत. त्या फुकट गेल्या तरी त्या दिवशी जागेवर नसतातच.

घरात अजून काही बोललो नाही. पोटात दुखतंय असं सांगून पडून राहिलो.

१९ एप्रिल, शनिवार

उदगीर, भालकी, बिदर, देवणी, सगळ्यांना फोन केले. आखितीला खुर्ची? लोक हसले. शेवटी हुमनाबादच्या शिवशंकरप्पाला आवाज बदलून फोन केला. म्हणालो, एका मित्राला चारशे खुर्च्या पाहिजेत.

"कोण, महेशकुमार का?" तो म्हणाला. "बरा हायेस न्हवं? आखितीला माझ्याकडं स्टूलसुद्धा न्हाई. अप्पाला सांग, मी दोन तारखेला येतो, सामान बघायला."

माझं नाव फोनवर दिसतं, हे मी विसरलो.

२० एप्रिल, रविवार

शैलश्रीला सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. तिनं लाल वही मागितली. मी दिली. माझ्या मराठी अक्षरांवरून बोट फिरवत ती बराच वेळ वाचत राहिली.

"दोन्ही वह्या एका जागी असत्या तर मला फेब्रुवारीतच दिसलं असतं," ती म्हणाली. "तुमी हात लावू नको म्हणलात."

मला आठवलं, म्हणालो होतो.

"आता अंकुशरावचे चाळीस हजार परत करा."

"ते सिंहासनात आहेत."

त्यावर ती हसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, अप्पांला सांगू."

अप्पांनी ऐकून घेतलं. मला शिव्या अपेक्षित होत्या, तयारीही केली होती. ते एवढंच म्हणाले, "ज्याचे पैसे घेतलेस त्याला आदी जाऊन भेट. मग बसव मंडपात जाऊन सांग. मी येणार न्हाई."

२१ एप्रिल, सोमवार

ठाणाकुशनूर. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, त्यात 'अपरिहार्य अडचण' असा शब्द होता. शैलश्री आत शिरली आणि अंकुशरावांच्या बायकोला, चंद्रभागाबाईंना, म्हणाली, "अक्का, चूक आमची हाय. एकाच दिवशी दोन जागी खुर्च्या सांगून बसलोय."

माझं भाषण राहिलं.

अंकुशरावांचा चेहरा उतरला. पत्रिका वाटून झाल्यात. मी घाईघाईनं म्हणालो, खुर्च्यांऐवजी सिंहासन फुकट देतो.

"त्याच्यावर दोन माणसं बसतील," अंकुशराव म्हणाले. "बाकीच्या पाव्हण्यांला कुठं बसवू, तुझ्या मांडीवर?"

चंद्रभागाबाई शैलश्रीकडे बघत होत्या. "बाई, तूच सांग. माझ्या लेकीचं लग्न हाय."

शैलश्री म्हणाली, "खुर्च्या तुमच्याच. पैसे तुमचे घेतलेत. दासोहाचं आमी बघतो."

आम्ही बाहेर आलो. मी म्हणालो, काय बघतो? ती म्हणाली, तुम्ही मंडपात जाऊन सांगताय, ते बघतो.

२२ एप्रिल, मंगळवार

बसव मंडपात बैठक होती. मी उभा राहिलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खुर्च्या येणार नाहीत, आणि त्याला कारण मी, असं सांगितलं. एवढंच वाक्य होतं, ते मी तीन तुकड्यांत संपवलं.

मला वाटलं कुणीतरी चिडेल, निदान चिडावं. म्हाताऱ्या चन्नव्वा म्हणाल्या, "बस बाबा खाली. सामान तुमचं, देणं तुमचं. इतकी वर्षं दिलात. यंदा आमी भुईवर बसू, जेवण काय वरनं खाली पडंल व्हय?"

लगेच कोण किती सतरंज्या आणणार ते ठरलं. माझ्यावर कुणी रागावलं नाही, म्हणून मला जास्त लाज वाटली. एखादी शिवी मिळाली असती तर हिशोब मिटल्यासारखं झालं असतं.

३० एप्रिल, बुधवार

पहाटे खुर्च्यांचे दोन ट्रॅक्टर ठाणाकुशनूरला गेले. लग्न वेळेवर लागलं. मी अक्षता टाकल्या आणि मोटारसायकलवर औरादला परत आलो.

बसव मंडपात घराघरातल्या सतरंज्या पसरल्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या, फुलांच्या, एक तर कुणाच्या तरी हॉलमधला गालिचाच. पंगती बसल्या. लोक म्हणत होते, असं बसून जेवल्याला किती वर्षं झाली! मी वाढायला लागलो, आणि मनात म्हणालो, चला, निभावलं.

मग अप्पा दिसले. खांबाला धरून उभे होते. गुडघा दुमडत नाही, भुईवर बसता येत नाही. दरवर्षी सगळ्या गावाला खुर्ची देणारा माणूस, आणि त्यांना बसायला काही नव्हतं. कुणी बोलावलं की हात हलवून म्हणायचे, "तुमी जेवा, मला भूक न्हाई." पण पाय थरथरत होता. मला ते इतकं लागलं की हातातली आमटीची बादली मी तिथेच ठेवली. हा विचार माझ्या डोक्यात बारा दिवसांत एकदाही आला नव्हता.

शैलश्री दिसेना. थोड्या वेळानं फाटकातून हातगाडी आली. हातगाडीवर सिंहासन. ढकलणारी ती.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"अप्पा, बसा."

"मी नवरदेव हाय का?"

"गोदामात बसायला एवढं एकच उरलंय. बसा म्हणते न्हवं!"

अप्पा बसले. लाल मखमल, सोनेरी पाठ, दोन्ही हातांखाली सिंह, मांडीवर जेवणाचं ताट. सगळा मंडप वळून बघायला लागला. मग चन्नव्वांना हसू आलं, आणि सगळे जे हसायला लागले! पोरांनी मोबाईल काढले. अप्पा रागानं सगळ्यांकडे बघत जेवत राहिले. गव्हाची गोड खीर, हुग्गी, दोनदा मागून घेतली.

२ मे, शुक्रवार

शिवशंकरप्पा आला. गोदाम बघितलं. सिंहासनाचे त्यानं वेगळे तीस हजार सांगितले. मी भिंतीला टेकून उभा होतो. बसव जयंती झाली होती, आणि मला जमलं नव्हतं. मी बिदरच्या साहेबांना फोन करायचा का, याचा विचार करत होतो.

अप्पांनी त्याला चहा पाजला. (अजूनही ठरलेलं नाही, कोणत्या वहीत.) मग म्हणाले, "शिवशंकरप्पा, विकायचं न्हाई."

मी भिंत सोडून पुढे आलो. अप्पांनी कमरेचा जुडगा काढला. मी हात पुढे केला. ते माझ्या हातावरून पुढे गेले आणि जुडगा शैलश्रीच्या हातात दिला.

"ह्याला पगारावर ठेव," ते म्हणाले. "अक्षर चांगलं हाय त्याचं."

३१ मे, शनिवार

आज पहिला पगार झाला. माझे दहा हजार, तिचे बारा. मी म्हणालो, दोन कमी का? ती म्हणाली, भांडी मोजायला अजून शिकला नाहीत. सिंहासनाचा हप्ता म्हणून हजार कापून घेतले आणि सही घेतली.

आता वही एकच आहे. डाव्या पानावर ती कानडीत लिहिते, उजव्या पानावर मी मराठीत. संध्याकाळी दोन्ही पानं एकमेकांना वाचून दाखवतो. घरात घेतलेला रुपयाही त्यात येतो. चहा दुकानखर्चात गेला.

पगारानंतर ती म्हणाली, "तुमचा मार्चचा नफा पुन्हा काढू." मी नको म्हणालो. तिनं काढला. एक लाख बारा हजारांतून लोकांचे सत्तर हजार वजा केले. मी मान डोलावली, ते मला माहीतच होतं. मग तिनं आणखी एक ओळ लिहिली: शैलश्री, भांडी घासणं, मोजणं, फोन घेणं, जानेवारी ते मार्च, छत्तीस हजार.

उरले सहा हजार. त्यात मोडक्या खुर्च्यांची झीज अजून धरायची आहे.

मी पेढे वाटले होते ते लोकांच्या पैशांचे आणि तिच्या हातांचे. तिलाही एक दिला होता. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "वाईट राहू द्या. छत्तीस हजार देणं म्हणून लिहा."

लिहिलं. मग शेवटचं पान उघडून पुढच्या वर्षाचं पहिलं बुकिंग मीच मांडलं. अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती, एकाच ओळीत. बसव मंडप, दासोह. चारशे खुर्च्या. भाडं नाही. अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

अप्पा बाजेवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले.

"आनि ते नाटकातलं सिंहासन बी लिही," ते म्हणाले.